नाव सांगणे : 'डिलेट' या क्रियापदाच्या निमित्ताने

इंग्रजीत आरोप करण्यासाठी क्रियापदांची वाण नाही. ॲक्यूज, चार्ज, ब्लेम, इंडाइट, इंपीच अशी कितीतरी नेहमीच्या वापरातली आहेत. या गर्दीत 'डिलेट' नावाचे एक क्रियापद पार आडोशाला पडलेले आहे. नुसते ऐकले तर कोणालाही संगणकावरचे 'डिलीट' वाटेल, पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही. 'डिलीट'चा उगम पुसून टाकणे या अर्थाच्या लॅटिन धातूत आहे. 'डिलेट'चा उगम वाहून नेण्यात आहे. गोव्याच्या इन्क्विझिशनसंबंधीचे इंग्रजी लेखन वाचताना हा शब्द मला भेटला आणि मराठीत त्याला नेमका प्रतिशब्द चटकन सापडेना. 'आरोप करणे' म्हटले तर अर्थाचा अर्धा भाग गळतो, 'चहाडी करणे' म्हटले तर कायद्याचा वास जातो. त्या शोधात जे हाती लागले ते येथे मांडतो आहे. प्रश्न एका परक्या शब्दाच्या भाषांतरापुरता असता तर वाचकांना एवढे थांबवले नसते. एखाद्याचा दोष नेमका कोणाला, कसा आणि कोणत्या तोंडाने सांगावा, हा त्यामागचा खरा प्रश्न आहे.

आधी व्युत्पत्ती पाहू. लॅटिनमध्ये 'देफेर्रे' म्हणजे नेऊन पोचवणे. त्याचे भूतकालवाचक विशेषण 'देलातुस', आणि त्यावरून इंग्रजी 'डिलेट'. यातला 'फेर्रे' हा धातू आणि आपला संस्कृत 'भृ' हे भाषाशास्त्रज्ञ एकाच मूळ धातूचे वंशज मानतात. 'भार', 'भारवाही' हे शब्द त्याच घराण्यातले. मराठी 'भरणे'ही संस्कृत 'भरति'वरूनच आले. म्हणजे आपण 'कोणाचे तरी कान भरले' असे म्हणतो तेव्हा नकळत 'डिलेट'च्याच मूळ धातूला हात घालत असतो. अर्थांची ही गाठ योगायोगाने पडली आहे, परंतु धातूचे नाते खरे आहे. 'लातुस' या दुसऱ्या तुकड्याचे नाते आपल्या 'तुला' या शब्दाशी, म्हणजे उचलून तोलण्याशी जोडले जाते.

रोमन न्यायव्यवहारात या क्रियापदाचा एक ठरलेला वाक्प्रचार होता : 'नोमेन देफेर्रे', शब्दशः 'नाव नेणे'. प्रजासत्ताकाच्या काळात रोममध्ये सरकारी वकील नव्हता. गुन्हा झाला असे वाटले तर कोणीही नागरिक न्यायाधिकाऱ्यापुढे उभा राहून आरोपीचे नाव देई, अधिकारी ते नाव दाखल करून घेई आणि मग खटला चाले. आता आपल्या शाळेतली पोरे आठवा. पाटीवर रेघ ओढली, पेन्सिल पळवली, की आमच्या मूर्तिजापुरातले पोरगे म्हणते, "थांब, मास्तरले तुह्यं नाव सांगतो." पुण्यामुंबईचे मूल "बाईंना तुझं नाव सांगीन" म्हणते. 'नाव सांगणे' या मराठी वाक्प्रचारात आणि त्या रोमन संज्ञेत केवळ दोन हजार वर्षांचे अंतर आहे, रचनेत काडीचा फरक नाही. 'नोमेन' आणि 'नाम' हेसुद्धा भाऊबंदच.

नाव नेण्याचे हे काम सुरुवातीला प्रतिष्ठेचे होते. ते नासले सम्राटांच्या काळात. राजद्रोहाच्या कायद्याखाली दोषी ठरलेल्याच्या मालमत्तेतला वाटा नाव देणाऱ्याला मिळू लागला आणि 'देलातोर' हा धंदा झाला. तिबेरियसच्या कारकिर्दीतला, इ. स. २८चा एक प्रसंग इतिहासकार तासितसने नोंदवला आहे. तितियस साबिनस या गृहस्थाला एका 'मित्रा'ने घरी नेऊन बोलते केले आणि तिघे सिनेटर छप्पर आणि आढे यांच्यामधल्या पोकळीत दडून ते बोलणे ऐकत बसले. साबिनसला मृत्युदंड झाला. त्यानंतर रोममध्ये माणसे एकमेकांशी बोलेनात, भिंतीकडे आणि छताकडेही संशयाने पाहू लागली, असे तासितस सांगतो. भिंतीला कान असतात ही म्हण आपण सहज वापरतो. तेथे ते कान खरोखर छताला होते. पुढे तितस या सम्राटाने अशा देलातोरांना भर चौकात फटके मारवून रिंगणातून फिरवले. आणि इ. स. ११२च्या सुमारास त्राजान या सम्राटाने आपल्या प्लिनी नावाच्या प्रांताधिकाऱ्याला स्पष्ट कळवले की, निनावी कागदावर आलेल्या आरोपाला कोणत्याही खटल्यात थारा देऊ नये.

इंग्रजीत हे क्रियापद आले ते मुख्यतः स्कॉटलंडच्या आणि चर्चच्या वाटेने. तेथील चर्चची पंचमंडळे गावातल्या माणसांच्या वागणुकीवर नजर ठेवत. कोणी रविवार पाळला नाही, कोणावर चेटकाचा संशय आहे, की त्याला मंडळापुढे 'डिलेट' केले जाई. स्कॉटलंडमध्ये १५६३ ते १७३६ या काळात चेटुक हा कायद्याने गुन्हा होता आणि त्या काळच्या दप्तरांत हा शब्द वारंवार येतो. कॅथलिक इतिहासात तो आणखी पुढे टिकला. जॉन हेन्री न्यूमन यांच्या १८५९मधील एका लेखाबद्दल एका बिशपने त्यांना रोमकडे 'डिलेट' केले, असे त्यांचे चरित्रकार लिहितात. तेच न्यूमन १८७९ मध्ये कार्डिनल झाले, पण मधली कित्येक वर्षे त्यांच्यावर संशयाचे सावट राहिले.

शब्दाचे इतर अर्थ आज मेले आहेत. बेकनने ध्वनी दूरवर वाहून नेला जातो या अर्थी तो वापरला होता. 'डायलेट' म्हणजे विस्तारणे, याच्याशीही त्याची जुन्या छपाईत गल्लत होई. हॅम्लेटच्या पहिल्या अंकात राजा आपल्या वकिलांना लेखी सूचना देतो, तेथे आधीच्या छापील प्रतीत एक रूप आहे आणि १६२३च्या संग्रहात दुसरे. ऑथेल्लोतही एका जागी असाच घोळ आहे. तेथे सॅम्युअल जॉन्सनने 'डिलेशन', म्हणजे गुप्तपणे केलेले दोषकथन, असा पाठ सुचवला. इयागोचा सारा उद्योगच कान भरण्याचा असल्यामुळे तो पाठ मान्य नसणाऱ्यालाही मोह पाडतो.

परंतु हा शब्द आपल्या अंगणात कसा वावरला, हे कळते गोव्यात. तेथे इन्क्विझिशन १५६० मध्ये सुरू झाले, १७७४ मध्ये बंद पडले, १७७८ मध्ये पुन्हा सुरू झाले आणि १८१२ मध्ये कायमचे उठले. अ. का. प्रियोळकर यांनी १९६१च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात या न्यायासनाचा इतिहास मराठी संशोधकाच्या चिकाटीने मांडला आहे. ज्या वास्तूत हे न्यायासन बसे तिला लोक 'थोरले घर' या अर्थाच्या नावाने ओळखत. त्या घराचे पोट भरे ते 'देलासांव'वर. 'डिलेशन'चेच हे पोर्तुगीज रूप. कोणी चोरून जुना धर्म पाळताना दिसला, तर ते कळवणे हे श्रद्धावंतांचे कर्तव्य ठरवले होते आणि न कळवणे हा दोष. १७३६च्या हुकूमनाम्यात तर तुळस लावणे, मिठाशिवाय भात शिजवणे, लग्नातली गाणी अशा घरगुती गोष्टीही निषिद्धांच्या यादीत आल्या. मिठाशिवाय शिजलेला भात रस्त्यावरच्या शिपायाला दिसत नाही. तो शेजारणीला दिसतो, मोलकरणीला दिसतो, जावेला दिसतो. म्हणजे न्यायासनाचे डोळे चुलीपाशी बसलेले असणार, हे त्या यादीतच गृहीत होते.

शार्ल देलाँ या फ्रेंच वैद्याला १६७३ मध्ये दमणला पकडून नंतर गोव्यात आणले गेले. सुटल्यावर १६८७ मध्ये त्याने आपली हकीकत छापली. त्या वृत्तांतातली सर्वांत भयंकर गोष्ट मला कोठडीची किंवा शिक्षेची वाटत नाही. आरोपीला त्याच्यावरचा आरोप सांगत नसत. नाव देणाऱ्याचे नावही सांगत नसत. उलट त्यालाच विचारत : तुला येथे का आणले, हे तुला ठाऊक आहे ना? आपला गुन्हा त्यानेच ओळखायचा, आपला शत्रूही त्यानेच ओळखायचा.

आता मराठीकडे येऊ. शब्दार्थांपेक्षा व्याकरण येथे जास्त बोलके आहे. आरोप, आळ, ठपका, बालंट, किटाळ, तोहमत या सर्व शब्दांबरोबर आपण 'वर' हे शब्दयोगी अव्यय योजतो. त्याच्यावर आळ घेतला, तिच्यावर ठपका ठेवला, आमच्यावर बालंट आले. 'आरोप' शब्दातच चढवणे आहे. झाड जमिनीत लावणे ते आरोपण आणि दोरीवर साप चढवणे तो वेदान्तातला अध्यारोप. येथे चित्र ओझ्याचे आहे : कोणीतरी कोणाच्या तरी डोक्यावर काहीतरी ठेवतो. पाहणारा तिसरा कोणी असलाच पाहिजे असे नाही. रागावलेली सासू बंद घरातही सुनेवर आळ घेऊ शकते.

चहाडी, चुगली, कागाळी यांचे व्याकरण निराळे. त्यांना 'वर' चालत नाही. 'रामावर चहाडी केली' असे मराठी माणूस म्हणणार नाही. रामाची पाटलाकडे चहाडी केली, सुनेची सासऱ्यापाशी कागाळी केली, असेच म्हणावे लागेल. येथे चित्र ओझ्याचे नसून वाटेचे आहे. एक निघणारा, एक नेला जाणारा आणि एक ज्याच्या दाराशी ते पोचवायचे तो. 'डिलेट'च्या वाक्यातही अशीच तीन माणसे लागतात : कोणी, कोणाला, कोणापुढे. तिसऱ्या माणसाच्या हाती सत्ता असते म्हणून त्या क्रियेला धार येते. सत्ता नसलेल्याला सांगितले तर ती नुसती कुचाळकी.

दुसरा फरक खरेखोटेपणाचा. आळ, बालंट, किटाळ, कुभांड हे शब्द उच्चारताच आपण निर्णय देऊन मोकळे होतो की हे खोटे आहे. 'त्याच्यावरचा आळ खरा होता' हे वाक्य कानाला खटकते. मराठी घरगुती बोली आरोपाच्या बाबतीत सोसणाऱ्याच्या बाजूने उभी असते. चहाडीचे तसे नाही. चहाडी अक्षरशः खरी असू शकते आणि तरीही ती चहाडीच राहते. पोराने खरोखर पेन्सिल पळवली होती, तरी नाव सांगणाऱ्या पोराशी मधल्या सुट्टीत कोणी बोलत नाही. म्हणजे आपल्या भाषेने दोन निरनिराळे दोष ओळखले आहेत : खोटे चढवणे हा एक आणि पाठीमागून पोचवणे हा दुसरा. 'डिलेट' हा दुसऱ्या खात्यातला शब्द आहे. सत्यासत्याबद्दल तो काही बोलत नाही, फक्त वाट दाखवतो. त्याचे भाषांतर 'आरोप करणे' असे केले की ही वाटच पुसली जाते.

हा भेद केवळ बोलीतला नाही, आपल्या धर्मशास्त्रातही तो आहे. कात्यायनाने राजाकडे दुसऱ्याचे दोष पोचवणाऱ्यांचे दोन प्रकार केले आहेत. राजानेच दोष शोधायला नेमलेला तो 'सूचक'. कोणी न सांगता, पैशाच्या आशेने आपणहून खबर देणारा तो 'स्तोभक'. भारतरत्न पां. वा. काणे यांनी विखुरलेली कात्यायनवचने गोळा करून १९३३ मध्ये प्रसिद्ध केली, त्यांत ही लक्षणे आहेत. रोममधला देलातोर आणि आपला स्तोभक एका रांगेत बसवावेत इतके सारखे. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीच्या गुणांमध्ये 'अपैशुन', म्हणजे चहाडी न करणे, हा गुण सत्य, अक्रोध, शांती यांच्याच पंक्तीला आहे. सत्य आणि अपैशुन हे दोन स्वतंत्र गुण म्हणून मोजले आहेत, हे लक्षात घ्यावे. खरे बोलणारा चहाडखोर असू शकतो, हे त्या यादीला ठाऊक होते. आणि 'चहाडखोर', 'चुगलखोर' यांतला 'खोर' हा फारसीतला 'खाणारा' आहे. देलातोर दुसऱ्याच्या मालमत्तेतला वाटा खाई. आपल्या भाषेने ते खाणे शब्दातच नोंदवून ठेवले.

हे सारे मी केवळ कोशांच्या पानांवरून बोलत नाही. माझे वडील एका खेड्यात प्राथमिक शिक्षक होते. शाळेच्या दुरुस्तीच्या पैशांबाबत त्यांच्याविरुद्ध वरती एक निनावी अर्ज गेला. चौकशी दीड वर्ष चालली. पावत्या जुळल्या, त्यांच्याकडे एका पैशाचाही दोष निघाला नाही, प्रकरण मिटले. पण अर्ज त्यांना ओझरता दाखवला गेला होता, आणि त्या अक्षराने त्यांची पाठ सोडली नाही. गावातल्या निम्म्या हातांना अक्षर त्यांनीच वळवून दिलेले. दुकानातली उधारीची वही असो, लग्नाच्या पत्रिकेवरचे नाव असो, ते त्यातला 'र' आणि 'ख' निरखत. नमस्कार करणाऱ्या प्रत्येकाकडे ते क्षणभर थांबून पाहत. लिहिणारा शेवटपर्यंत कळला नाही. देलाँची हकीकत वाचली तेव्हा मला त्यांची ती नजर कळली. निनावी चहाडीचे खरे नुकसान येथे आहे. ज्याची चहाडी होते तो मनातल्या मनात सगळ्या गावावर आळ घेऊ लागतो. एका माणसाने वाट धरलेली असते आणि तिचे ओझे शंभर निर्दोष माणसांच्या डोक्यावर जाते.

मग वरच्याला दोष कळवूच नये काय? तसे म्हणणे सोपे आहे, पण ते बळकटांच्या सोयीचे आहे. सत्येंद्र दुबे या अभियंत्याने महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार पंतप्रधान कार्यालयाला कळवला आणि आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. नाव फुटले. २००३च्या नोव्हेंबरात गयेत त्यांचा खून झाला. त्यांनीही नाव नेले होते, तेही सत्तेकडे, तेही गुप्तपणे. त्यांना कोणी स्तोभक म्हणेल काय? त्यांनी पत्रासोबत वेगळ्या कागदावर आपली ओळख दिली होती, आणि ते ज्यांच्याविरुद्ध गेले ते त्यांच्याहून दुबळे नव्हते. या दोन गोष्टींनी सारा फरक पडतो. मराठी वृत्तपत्रांनी अशा माणसासाठी 'जागल्या' हा शब्द काढला तो मला फार आवडतो. गावगाड्यातला जागल्या रात्री हाळी देई. ती चोरालाही ऐकू जाई आणि गावालाही. 'फिर्याद' या शब्दाचे मूळही असेच उघड आहे. फारसीत 'फर्याद' म्हणजे आक्रोश. सोसणारा माणूस आक्रोश करतो आणि आक्रोश कानात कुजबुजून होत नाही. पोलीस ठाण्यातली पहिली खबर वाचून दाखवून खाली फिर्यादीची सही घेतात, तीमागे हेच तत्त्व आहे. केंद्रीय दक्षता आयोगाने १९९९ मध्ये निनावी आणि टोपणनावी तक्रारींवर कारवाई करू नये असा आदेश काढला. त्राजानाच्या उत्तराला तोवर जवळपास एकोणीसशे वर्षे उलटली होती. मात्र सही करणाऱ्याला संरक्षण नसेल, तर असा नियम दुबळ्याचे तोंड बंद करतो, हेही दुबे यांच्या मरणाने दाखवले. निनावी अर्ज केराच्या टोपलीत टाकायचा अधिकार, सही करणाऱ्याला जिवंत ठेवील त्याच व्यवस्थेला शोभतो.

दोष सांगण्याची तिसरीही एक रीत आमच्या मुलखाने पाहिली आहे. याच मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या मामाच्या गावी गाडगेबाबांचे बालपण गेले. पुढे कीर्तनात ते समोरच्या माणसांनाच प्रश्न विचारत : कर्ज काढून सण करता की नाही, देवापुढे बकरे कापता की नाही, दारू पिता की नाही? उत्तर त्याच माणसांच्या तोंडून येई. त्यांनी गावाचे दोष हजारो माणसांत उच्चारले, पण कोणाचे नाव घेऊन ते कचेरीत पोचवले नाही. ज्याचा दोष त्यालाच, तोंडावर आणि त्याच्या भल्यासाठी. त्यात ओझे चढवणे नाही आणि आडवाटही नाही.

राहता राहिला प्रतिशब्द. इतिहासाच्या पुस्तकात 'डिलेट' आला तर संदर्भ पाहून दोन पर्याय वापरावेत, असे मला वाटते. न्यायासनापुढच्या औपचारिक कृतीसाठी 'नाव देणे' आणि गुप्तपणे, लाभासाठी किंवा भयाने केलेल्या कृतीसाठी 'चहाडी करणे'. गोव्याच्या बाबतीत दोन्ही लागतील, कारण तेथे चहाडीलाच नाव देण्याचा दर्जा मिळाला होता. कायदा चहाडीला खुर्ची देतो तेव्हा समाजात काय होते, हे त्या थोरल्या घराच्या अडीचशे वर्षांत दिसते. एरवी हे इंग्रजी क्रियापद विसरले तरी चालेल. आपल्या 'वर' आणि 'कडे' या दोन साध्या अव्ययांतला फरक मात्र लक्षात ठेवावा. पुढच्या वेळी कोणी आपल्या कानाशी लागून दुसऱ्याचे नाव सांगू लागले, तर ते खरे की खोटे एवढेच विचारून थांबू नये. हे तू त्याच्यासमोर म्हणशील काय, असेही विचारावे.